आळंदीचा न्याय आणि आम्ही

ठाणे-कल्याण पट्ट्यातील एका धर्मग्रामाने मध्यंतरी आपला महोत्सव थाटाने साजरा केला. रिवाजाप्रमाणे स्मरणिका निघाली. आजवर तेथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची छायाचित्रे तिच्या मधल्या पानांवर सालवार छापली होती. ती पाहता पाहता आम्ही थबकलो. मधली काही वर्षे गायब होती. एका फादरांचा कार्यकाळ संपतो आणि पुढच्यांचा सुरू होतो, यांत एक खिंडार. जणू त्या वर्षांत तेथे मिस्सा झाली नाही, बाळांना स्नानसंस्कार मिळाला नाही, कोणाला मूठमाती दिली गेली नाही. वास्तविक त्याच वर्षांत एका तरुण धर्मगुरूंनी रेल्वेच्या चाळी पालथ्या घालून मराठी मिस्सेला येणारी माणसे एकेक करून जमवली होती. पुढे त्यांनी रीतसर अर्ज केला, रोमहून ब्रह्मचर्याच्या बंधनातून मुक्ती मिळवली आणि विवाह केला. त्यांचा अपराध म्हणायचा तो एवढाच.

आम्ही स्मरणिका समितीतील एका ज्येष्ठ गृहस्थांना याबाबत विचारले. ते आवाज खाली आणून म्हणाले, "अहो, त्यांचा फोटो घातला असता तर आपल्या मुलांनी काय बोध घेतला असता?"

गृहस्थ भले आहेत, वाईट हेतू त्यांच्या मनात नाही. परंतु त्यांच्या प्रश्नामागे एक समज आहे आणि तो आमच्या समाजात घरोघरी नांदतो आहे: धर्मगुरूचे ब्रह्मचर्य ही प्रभू येशूने घालून दिलेली, कधीही न बदललेली गोष्ट होय, सबब जो ते सोडतो तो श्रद्धाच सोडतो. हा समज खोटा आहे. तो खोटा असल्याचे ख्रिस्तसभा स्वतः सांगते. आणि या खोट्या समजाची किंमत काही जिवंत माणसे, त्यांच्या पत्नी आणि त्यांची मुले मोजीत आहेत, म्हणून हा लेख लिहिणे आम्हांस भाग पडले.

ब्रह्मचर्याची थोरवी कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. स्वर्गराज्यासाठी विवाहाचा त्याग करणाऱ्यांविषयी प्रभू स्वतः बोलला आहे, आणि संत पौलाने आपल्या एकटेपणाला कृपादान मानले आहे. ज्या मराठीत आम्ही आज लिहितो तिच्यात १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' आणणारे फादर थॉमस स्टीफन्स हे ब्रह्मचारी जेज्वीट होते. आमच्या शेजारच्या वसईत हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरलेले आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो धर्मगुरूच होते. अशा माणसांचे ऋण फेडता येत नाही. परंतु त्याच पौलाने पेत्र आणि इतर प्रेषित आपापल्या पत्नीसह प्रवास करतात हेही करिंथकरांना लिहून ठेवले आहे. पेत्राच्या सासूचा ताप प्रभूने घालवला ही हकिगत मार्कच्या पहिल्याच अध्यायात येते. आणि तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात महागुरूची पात्रता सांगताना त्याला एकच पत्नी असावी अशी अट घातली आहे. पत्नी नसावी अशी नव्हे.

मग नियम आला कोठून? सुमारे ३०५ साली स्पेनमधील एल्विरा येथील धर्मसभेने धर्मगुरूंना पत्नीपासून शरीरसंबंधात अलिप्त राहण्यास सांगितले. ३८५ मध्ये पोप सिरिशियस यांनी पत्राद्वारे तोच आग्रह धरला. म्हणजे तोपर्यंत पत्नी असलेले धर्मगुरू होते, एरवी आज्ञा कोणाला करायची? पूर्वेकडे ६९१-९२ च्या त्रुल्लो सभेने दुसरी वाट धरली: दीक्षेपूर्वी विवाह झालेला असेल तर धर्मगुरूने संसार करावा, महागुरूने करू नये. पश्चिमेत अकराव्या शतकात पोप सातवे ग्रेगरी यांनी नियम कडक केला आणि ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूचा विवाह नुसता निषिद्ध न ठेवता रद्दबातल ठरवला. चर्चच्या जमिनी वारसांत वाटल्या जाऊ नयेत म्हणूनच हे सारे झाले, असे काही सुशिक्षित मंडळी मोठ्या ऐटीत सांगतात. जमिनीचा प्रश्न होता, हे खरे; पण वेदीजवळच्या शुद्धतेची कल्पना आणि मठवासीयांचा आदर्श हेही तितकेच प्रबळ होते. सगळा इतिहास सात-बारावर चढवण्याची घाई आम्हांस मान्य नाही.

पण युरोप दूर राहू द्या. आमच्या कल्याण-ठाण्याचीच गोष्ट घेऊ या. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या प्रवाशाने 'कल्लियाना' येथे पर्शियात दीक्षा घेतलेला महागुरू असल्याचे नमूद केले. ते आपले कल्याणच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. ज्या पौर्वात्य ख्रिस्तसभेकडून तो महागुरू आला, तिने ४८६ आणि ४९७ च्या धर्मसभांत धर्मगुरूंपासून थेट सर्वश्रेष्ठ महागुरूपर्यंत सर्वांस विवाहाची मोकळीक दिली होती. महागुरूंपुरती ती पुढे मागे घेतली गेली. सामान्य धर्मगुरूंची कायम राहिली. पर्शियाचा झरथुष्ट्री समाज अविवाहित राहण्याला चांगले मानीत नसे, हेही त्यामागचे एक कारण. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण तिच्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

१३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन बंधू रक्तसाक्षी झाले. त्यांचे स्मरण आम्ही अभिमानाने करतो. ते उतरले होते कोठे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्यांच्या अस्थी घेऊन गेलेल्या ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने लिहून ठेवले आहे की ठाण्यात त्या वेळी नेस्तोरी ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती आणि हे बंधू त्यांतल्याच एका घरी पाहुणे होते. त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले, नवऱ्याने हात उगारला, बायको काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून तिने या पाहुण्यांची नावे सांगितली. तेथून पुढचे सारे रामायण घडले. पाहा, ठाण्याच्या एका छपराखाली रोमचे ब्रह्मचारी आणि ज्यांच्या परंपरेत धर्मगुरू संसारी असू शकतो असे ख्रिस्ती एकत्र राहत होते.

ही पौर्वात्य परंपरा भारतात ज्यांनी सर्वांत दीर्घकाळ जपली ते केरळचे संत थोमाचे ख्रिस्ती. त्यांचे धर्मगुरू विवाहित असत. जून १५९९ मध्ये कोचीनजवळ उदयंपेरूर येथे भरलेल्या धर्मसभेने ते बंद केले. विवाहितांनी पत्नीपासून विभक्त झाल्याशिवाय सेवा करू नये असे ठरवले. त्या सभेचे अध्यक्ष होते गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझेस. ठरावाच्या एका फटकाऱ्यासरशी किती घरे उद्ध्वस्त झाली असतील! त्या स्त्रियांचे पुढे काय झाले, याचा विचार आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एकदा तरी कोणी केला आहे काय?

आणि आता योगायोग पाहा. ३० एप्रिल १९८८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी याच सिरो-मलबार ख्रिस्तसभेसाठी स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन केला, तो कल्याण येथे. १९९० च्या पौर्वात्य धर्मविधिसंहितेत ३७३ वे कलम आहे. ते ब्रह्मचर्याचा गौरव करते आणि त्याच दमात, प्राचीन काळापासून चालत आलेल्या विवाहित धर्मगुरूंच्या परंपरेलाही मान दिला जावा असे सांगते. तरीही कल्याणच्या सिरो-मलबार वेदीवर आज ब्रह्मचारी धर्मगुरूच उभे असतात. मेनेझेसची पोर्तुगीज सत्ता गेली, त्यांचा नियम राहिला. तो ठेवावा की टाकावा हे आमच्या मल्याळी बंधूंनी ठरवावे. आम्ही आपले शेजारी म्हणून विचारतो. डोंबिवली-कल्याणच्या ऑर्थोडॉक्स आणि मार थोमा मल्याळी कुटुंबांत मात्र धर्मगुरूंची पत्नी रविवारी मुलांना घेऊन पुढच्या बाकावर बसते आणि लोक तिला आदराने 'कोचम्मा' म्हणतात. त्यामुळे त्यांच्या चर्चचे छप्पर कोसळल्याचे ऐकिवात नाही. आमच्या मराठी प्रॉटेस्टंट बांधवांत तर नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई हे जोडपेच होऊन गेले. त्याविषयी अधिक काय लिहावे?

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये धर्मगुरूंविषयीच्या आदेशात स्पष्ट म्हटले की ब्रह्मचर्य ही गुरुपदाच्या स्वरूपाचीच मागणी नव्हे. पोप सहावे पॉल यांनी जून १९६७ च्या परिपत्रकाने नियम कायम राखला. तो त्यांचा अधिकार. पण नियम राखणे वेगळे आणि त्याला श्रद्धासत्याचा मुकुट चढवणे वेगळे. २००९ पासून, कॅथोलिक झालेल्या विवाहित अँग्लिकन पाळकांना पत्नीसह कॅथोलिक गुरुपद मिळण्याची वाट अधिकच प्रशस्त झाली. २०१४ मध्ये पौर्वात्य कॅथोलिकांच्या विवाहित धर्मगुरूंवर परदेशात असलेली बंदी उठली. २०१९ च्या ॲमेझॉन धर्मसभेत दुर्गम भागासाठी कसोटीला उतरलेल्या विवाहित पुरुषांना दीक्षा द्यावी, या मुद्द्याला १२८ विरुद्ध ४१ मते पडली; पोप फ्रान्सिस यांनी पुढच्या फेब्रुवारीतील पत्रात त्यावर मौन पाळले. आमच्याच मुंबई महाधर्मप्रांतात विवाहित स्थायी डीकन वेदीपाशी उभे राहून शुभवर्तमान वाचतात, प्रवचन देतात. लंडनच्या पाळकाला जे चालते ते कल्याणच्या तीस वर्षे धर्मशिक्षण देणाऱ्या, मुले मार्गी लावलेल्या गृहस्थाला का चालू नये, हा प्रश्न आमच्या महागुरूंनी रोममध्ये मांडावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. विवाहित धर्मगुरू आले म्हणजे सारी पापे धुऊन निघतील असा भाबडेपणा आमच्यापाशी नाही. विवाहितही घसरतात. पण ज्याला ब्रह्मचर्याचे दान आहे त्याने ते आनंदाने घ्यावे आणि ज्याला ते नाही त्याला गुरुपदाचे दान असूच शकत नाही असे कोणी समजू नये.

यावर आमच्या मंडळींचा हुकमी एक्का ठरलेला असतो. ते म्हणतात, "हा युरोप नव्हे. इथे लोक संन्याशापुढेच वाकतात. बायकामुलांच्या फादरला हिंदू शेजारी तरी मान देतील काय?" पर्शियात समाज विवाहाला मान देई म्हणून विवाह, येथे संन्यासाला देतो म्हणून संन्यास! म्हणजे शेजाऱ्याच्या डोळ्यांवर नियम बेतायचा, हे आधी कबूल करा. मग त्याला प्रभूची आज्ञा म्हणू नका. शिवाय महाराष्ट्राविषयीचा हा दावाही लंगडा आहे. 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळालेले समर्थ येथे वंदनीय आहेत, हे खरे. पण आषाढीला कल्याण-डोंबिवलीतून ज्या दिंड्या निघतात त्या कोणाचे नाव घेत जातात? तुकोबा संसारी. नामदेव, एकनाथ, सावता, चोखोबा, सगळे संसारी. मराठी माणसाने आपला धर्म गृहस्थाच्या तोंडून ऐकला आणि त्याचे त्याला कधी उणे वाटले नाही.

राहिली आळंदी. परंपरा सांगते की विठ्ठलपंतांनी काशीस जाऊन संन्यास घेतला. घरी पत्नी असल्याचे कळताच गुरूंनीच त्यांना परत संसारात पाठवले. गुरूची आज्ञा होती. तरी गावाने त्यांना वाळीत टाकले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता यांना 'संन्याशाची पोरे' म्हणून हिणवले, मुंज नाकारली. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि पोरक्या मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट तुडवावी लागली. शाळेत हा धडा वाचताना आळंदीच्या त्या ब्रह्मवृंदाचा आम्हां सर्वांना संताप येतो. मग आमच्या फादरांनाही त्यांच्या सर्वोच्च गुरूनेच मोकळे केले होते ना? ब्रह्मचर्यातून मुक्ती देण्याचा अधिकार एकट्या पोपना आहे आणि त्यांनी तो वापरला होता. तरी लग्नाला नातेवाईक गेले नाहीत. आईने शेजारणींना मुलगा परदेशी असल्याचे सांगितले. त्यांच्या मुलीला प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात एका बाईंनी, "तू त्यांची का?" असे विचारले. पोरीने घरी येऊन विचारले, 'त्यांची' म्हणजे कोणाची?

अशा मुक्तिपत्रांत पूर्वी एक सूचना असे, हे आम्हांस ठाऊक आहे: जेथे आपली ओळख आहे तेथून शक्यतो दूर राहावे. महागुरूंना ती शिथिलही करता येई. ती धर्मगुरूला उद्देशून होती. धर्मग्रामाने त्याचे नाव पुसावे, असे तिच्यात कोठेही नव्हते. उलट विधिसंहितेचे २९० वे कलम सांगते की एकदा विधिवत मिळालेली दीक्षा कधीही रद्द होत नाही. त्याला मिस्सा अर्पण करण्याची मनाई आहे. पण ९७६ व्या कलमाप्रमाणे मरणाच्या दारात असलेल्या कोणाही माणसाला तो पापमुक्ती देऊ शकतो. उद्या कल्याण स्थानकात लोकलखाली सापडलेला एखादा कॅथोलिक तरुण शेवटचे श्वास मोजीत असेल आणि फलाटावर तेच आमचे गृहस्थ, डबा आणि छत्री सांभाळीत, कामावर निघालेले असतील, तर त्यांनी खाली वाकून उच्चारलेले शब्द रोमच्या कोणाही कार्डिनलच्या शब्दांइतकेच खरे ठरतील. ख्रिस्तसभा मरणाऱ्याला त्यांच्याकडे सोपवते, आणि आम्ही त्यांना स्मरणिकेच्या पानावर दोन इंच जागा देत नाही.

त्याच धर्मग्रामात आता पुढच्या वर्धापनाची तयारी सुरू झाली असून नवी पुस्तिका निघणार आहे. आमच्या कपाटात एक जुने कृष्णधवल छायाचित्र आहे: चाळीच्या चौकात बाकावर पांढरी चादर, तिच्यावर क्रूस, मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि मध्ये शुभ्र झग्यातले ते फादर. त्याची प्रत काढून, मागे नाव आणि साल लिहून, आम्ही ती समितीकडे पाठवली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.