हिशेब आधी, दान नंतर



"नातवाला नर्सरीत घातलं, म्हणून सांभाळणाऱ्या मावशींना उद्यापासून येऊ नका सांगितलं." हे वाक्य आपल्यात इतकं सहज बोललं जातं की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतच नाही. मला वाटतं, म्हणून आज स्पष्टच लिहिते.

मावशींना ठेवताना आपण काय म्हणतो? "वर्षभर तरी सोडू नका हं, बाळाला माणसाची सवय होते." त्या शब्दावर त्या हातातली दोन घरं सोडतात. मग आपली सोय बदलली की वर्षाचा शब्द आठव्या महिन्यातच संपतो. त्यांचं घरभाडं आणि मुलांची फी मात्र पुढच्या महिन्यातही तेवढीच असते. "त्यांना काय, लगेच दुसरं काम मिळतं," असं आपण म्हणतो. लगेच म्हणजे किती दिवसांत, हे कधी विचारलंय?

"काम नाही तर पगार कसला?" असं म्हणणाऱ्यांनी आपल्या नोकरदार मुलाचं नियुक्तिपत्र वाचून पाहावं. नोटीस न देता काढलं तर त्या मुदतीचा पगार मिळेल, असं त्यात बहुधा असतंच. मुलाला मिळाला तर हक्क आणि मावशींनी मागितला तर हाव, हा कुठला न्याय?

महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात कामगारांची नोंदणी आणि मदत आहे, पण नोटिशीच्या पगाराची सक्ती आपल्यावर नाही. सक्ती नाही म्हणूनच आपली नियत दिसते.

मी कॉमर्सवाली, म्हणून हिशेबच मांडते. समजा पगार १२,००० रुपये आणि दिवाळीला एक पगार बोनस ठरलेला. आठ महिने पुरे झाल्यावर आपण काम थांबवलं. तर आठव्या महिन्याचा पूर्ण पगार, नोटिशीऐवजी एक पगार म्हणजे १२,००० आणि बोनसचा आठ महिन्यांचा वाटा ८,०००. म्हणजे पगाराशिवाय २०,००० रुपये. ठरलेल्या सुट्ट्या उरल्या असतील तर त्यांचे पैसे वेगळे. जुन्या साड्या, बाळाचे कपडे, मिठाईचा पुडा यात धरायचा नाही. ताळेबंदात राहिलेला पगार देण्यांच्या बाजूला लिहितात, धर्मादाय खात्यात नाही.

पाठशाळेत आपण अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठ केले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. शेवटचा फक्त गोठ्यातल्या जनावरांसाठी आहे असं समजून आपण मोकळ्या होतो. पण आपल्या आधारावर असलेल्या माणसाची चूल एका दिवसात बंद पाडणं, हे आणखी काय आहे? मंदिरात बोली लावताना आपण हजारांनी चढतो आणि मावशींच्या पंधरा दिवसांच्या पगारावर घासाघीस करतो. आधी देणं फेडावं, मग दान द्यावं.

तेव्हा काम ठरतानाच पगार, सुट्ट्या, बोनस आणि एक महिन्याची नोटीस कागदावर लिहा. दोघींनी सह्या करा आणि एक प्रत त्यांना द्या. आणि ज्यांनी मावशींना असं एका दिवसात थांबवलं असेल, त्यांनी आजच फोन करून राहिलेले पैसे पोचते करावेत. फोन नंबर तर आपल्याकडे असतोच.