चंद्र निळा नाहीये, कॅप्शन गायब आहे

कोजागिरीची रात्र. पनवेलला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं, आणि फॅमिली ग्रुपवर एक फोटो आला. निळा-हिरवा-लाल चंद्र. खाली ओळ : ‘चांद्रयानाने शोधलेलं पाणी!’ काकांनी फोन पाहिला, वर पाहिलं आणि मला विचारलं, “मग आपल्याला निळं का नाही गं दिसत?”

मास कॉमची डिग्री असून मला सांगता आलं नाही. नंतर शोधलं. फोटो खरा आहे, २००९ चा. चांद्रयान-१ वर नासाचं ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ होतं, त्याच्या मोजमापांतून तो बनला. चंद्रावरून परावर्तित होणारं ऊन ते मोजायचं, त्यातलं बरंचसं इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं. पाणी आणि हायड्रॉक्सिल ३ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश शोषतात. तशी खूण सापडली तिथे निळा रंग भरला. हिरवा म्हणजे पृष्ठभाग किती इन्फ्रारेड परत फेकतो ते, लाल म्हणजे पायरॉक्सिन हे खनिज. आणि ‘पाणी’ म्हणजे तळं नव्हे. मातीच्या कणांना चिकटलेले रेणू. आपल्या वाळवंटांपेक्षाही कोरडा मामला!

चंद्राला वातावरण नावापुरतंच, म्हणून हे त्यातल्या त्यात सोपं. शनीच्या टायटनवर दाट धुकं आणि मिथेन. मिथेन बरंचसं इन्फ्रारेड गिळतो, मोजक्याच तरंगलांबींच्या फटींतून जमीन दिसते. कॅसिनी यानाने त्याच फटींतून डोकावून नकाशे केले. कुठली फट निवडली, त्यावर चित्रात जमीन येणार की धुकं, हे ठरतं.

म्हणजे अशा चित्रात रंगाचा अर्थ हीच खरी बातमी आहे. नासाने तो फोटोखाली लिहिला होता. पुढे फॉरवर्ड करता करता आणि जागा वाचवता वाचवता तो गळाला. इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात अशीच एक ओळ मीही कापली होती, ‘टेक्निकल वाटते’ म्हणून.

काही मित्र म्हणतात, ‘रंग नंतर भरलेत’ असं छापलं तर लोक फोटोच खोटा समजतील. मला उलट वाटतं. आज लपवलं आणि उद्या कुणीतरी ‘एडिटेड आहे’ म्हणून व्हिडिओ केला, की आख्खी मोहीमच खोटी ठरते. ‘रंग संगणकाने दिलेले, निळा म्हणजे पाण्याची खूण’ एवढंच तर लिहायचंय. एवढ्याला जागा नसेल तर फोटो लहान करा.

मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली. दोन थम्स-अप आले, त्यातला एक काकांचा.