बँकेलाही बोलवावे लागते

जिथे दरमहा पगार वाटला जातो, तिथे बँकेला आमंत्रण लागत नाही. आमच्या गडचांदूरसारख्या सिमेंटच्या गावात ती आपल्या पायांनी येते. पूर्वेला गडचिरोलीच्या जंगलात, भामरागड-एटापल्लीकडे, मात्र तिला बोलवावे लागते. कधी हात धरून आणावे लागते.

यात कमीपणा नाही. जगाची रीतच ती आहे. जुलै १९४४ मध्ये, महायुद्ध संपण्यापूर्वीच, ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे जमले आणि जागतिक बँकेचा पाया घातला गेला. परतंत्र हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते. त्यांची सनदी नोकरी मध्यप्रांत-वऱ्हाडात झाली. आपला चांदा जिल्हा त्याच प्रांतातला. युरोपला पडकी शहरे उभारण्याची घाई होती. हिंदी प्रतिनिधींनी गरीब देशांच्या विकासाचा मुद्दा लावून धरला आणि कारभारात जागा मागितली. बँकेचे पहिले कर्ज १९४७ मध्ये फ्रान्सला गेले. १९४९ मध्ये आपल्यालाही रेल्वेसाठी मिळाले. मागणारा पंगतीला आधीच बसलेला होता.

आता गडचिरोलीकडे पाहू. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने तिथे साठ साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली. बंदुका मुक्या होऊ लागल्या की रस्ता येतो, पोलीस ठाणे येते, खाणही येते. कर्ज देणारा मात्र रेंगाळतो. आजवर भीतीपोटी कुणी तिकडे बदली घेत नसे, आणि ती भीती खोटी नव्हती. पण ते कारण आता दिवसेंदिवस लहान होत आहे.

२०१४ पासून जनधनची खाती उघडली गेली, हे चांगलेच झाले. पण खाते म्हणजे बँक नव्हे. हातात यंत्र घेऊन फिरणारा बँक मित्र पैसे देतो-घेतो. कर्जाला 'हो' म्हणण्याचा अधिकार त्याला नसतो. बँकेत उमेदीची वर्षे घालवलेला माणूस म्हणून सांगतो, कर्ज कागदावर मंजूर होते, पण माणूस पाहून द्यायचे असते. पाहायचे तर तिथे राहावे लागते.

तारण काय, असे साहेब विचारतील. वनहक्काची जमीन विकता येत नाही, हे खरे. पण मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ती स्वतः बांबू विकू लागली. कित्येक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. ही मिळकत वहीत दिसते. ती वही वाचणारा अधिकारी हवा.

म्हणून ग्रामसभांनी ठराव करावेत आणि आमदार-खासदारांनी ते बँकांच्या जिल्हास्तरीय बैठकीत पुन्हा पुन्हा मांडावेत. नुसती पाटी नको. मंजुरीचा अधिकार असलेला साहेब द्या, आणि त्याला राहायला घरही द्या. सावकार न बोलावता येतो. बँक उशिरा पोचली, तर त्याची वही आधीच उघडलेली असेल.