आजोबांच्या छातीवरचा नंबर

घरातले वयस्कर माणूस सकाळी "जरा फिरून येतो" म्हणाले की सगळे खूष असतात. सून चहा झाकून ठेवते, मुलगा चांगले बूट आणून देतो, नातू पावले मोजणारे घड्याळ मनगटाला बांधतो. पण तेच माणूस "यंदा शर्यतीत नाव घालतोय" म्हणाले की चेहरे बदलतात. "अब्बा, हे काय वय आहे का?" "अम्मी, लोक काय म्हणतील?" चालणे म्हणजे तब्येत आणि शर्यत म्हणजे चळ, अशी वाटणी आपल्या घरांत कधीचीच झाली आहे. आमचे मत निराळे आहे, आणि या महिन्याचे पान आम्ही त्यावरच खर्च करणार आहोत.

कोल्हापूर हे खेळाला मान देणारे गाव. खासबागेत कुस्ती लागली की रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सगळे पंच होतात. पेठांतल्या तालमींच्या लाल मातीत हिंदू-मुसलमानांची पोरे एकत्र लोळून मोठी झाली. पण कुस्तीत म्हाताऱ्याची जागा एकच, आखाड्याच्या कडेची. तिथे बसून त्याने डाव सांगायचे, पोरांना शिव्या घालायच्या आणि आपल्या जुन्या कुस्त्यांच्या गोष्टी सांगायच्या. मेहनत सुटते, खुराक मात्र सुटत नाही. पन्नाशीनंतर कित्येक पैलवानांची गुडघे, साखर आणि रक्तदाब या तिघांशी नवी कुस्ती सुरू होते, आणि तिला वस्ताद नसतो.

धावण्याचे तसे नाही. जगभरच्या प्रौढ अॅथलेटिक्समध्ये पस्तिशीपासून पाच-पाच वर्षांचे गट असतात. ६० ते ६४, ६५ ते ६९, ७० ते ७४, अशी ती शिडी शंभरीच्याही वर जाते. या गटांची पहिली जागतिक स्पर्धा १९७५ साली टोरांटोत झाली. आपल्याकडच्या शहरी मॅरेथॉनमध्ये गट याहून मोठे असतात, पण तत्त्व तेच: सत्तरीच्या माणसाला सत्तरीच्याच माणसाशी तोलायचे. यातून एक मजेशीर गोष्ट घडते. एकोणसत्तराव्या वर्षी माणूस आपल्या गटात सगळ्यांत म्हातारा आणि म्हणून मागे असतो, सत्तर लागले की पुढच्या गटात तोच सगळ्यांत तरुण ठरतो. त्यामुळे वाढदिवसाची वाट पाहणारी म्हातारी माणसे आम्ही धावणाऱ्यांतच पाहिली. इतर ठिकाणी सत्तरी लागली की लोक वारसाहक्काचे कागद काढायला सांगतात.

जन्मतारखेचा घोळ मात्र आपल्याकडे मोठा आहे. आमच्या पिढीतल्या निम्म्यांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. याचा फटका फार मोठ्या धावपटूलाही बसला. फौजा सिंग यांनी २०११ साली टोरांटोची पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटरहून थोडे जास्त अंतर, आठ तासांहून थोड्या जास्त वेळात पार केले. पासपोर्टप्रमाणे तेव्हा त्यांचे वय शंभर होते. पण जन्माचा दाखला नव्हता, म्हणून गिनीज बुकाने विक्रम नोंदवला नाही. १९११ च्या पंजाबातल्या खेड्यात दाखला कोण देणार होते? त्यांचा शेवटही सांगितला पाहिजे. जुलै २०२५ मध्ये जालंधरजवळ आपल्या गावी रस्त्यावर चालत असताना एका गाडीने त्यांना उडवले. घरच्यांना म्हाताऱ्या धावपटूच्या हृदयाची काळजी वाटते, ती योग्यच आहे. पण अंधारात रस्त्याच्या कडेने, गडद कपड्यांत जाणाऱ्याची काळजी तितकीच केली पाहिजे. फज्रनंतर लगेच निघणाऱ्यांनी फिकट रंगाचा सदरा घालावा आणि समोरून वाहने दिसतील अशा उजव्या बाजूने जावे.

महाराष्ट्रातले उदाहरण म्हणाल तर बारामतीच्या लताबाई करे यांचे. दहा-बारा वर्षांपूर्वी त्या तिथल्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत उतरल्या, नऊवारी नेसून, अनवाणी. वय साठीच्या पुढे. नवरा आजारी, तपासण्यांना पैसे नाहीत, आणि पहिले बक्षीस पाच हजारांचे. त्या जिंकल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले, आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि ती ऐकताना डोळ्यांत पाणी येते. आम्हाला मात्र तिचा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. लताबाई पुढच्या वर्षी पुन्हा आल्या, पुन्हा धावल्या, पुन्हा जिंकल्या. पहिल्या वर्षी लोकांनी त्यांच्यात एक गरजू बायको पाहिली, आणि ते खरेच होते. दुसऱ्या वर्षी मात्र बाकीच्या बायकांना हरवायला आलेली एक धावपटू तिथे उभी होती. तिच्यावर कोणी फारसे लिहिले नाही. म्हाताऱ्या बाईने दया येईल असे काही केले तर आपण टाळ्या वाजवतो, पण तिला जिंकायचे आहे म्हटले की आपल्याला काय बोलावे ते सुचत नाही.

तीन किलोमीटर म्हणजे किती, हे ज्यांनी हज किंवा उमरा केला आहे त्यांना सांगायला नको. सफा आणि मरवाच्या सात खेपा मिळून साधारण तितकेच, तीन किलोमीटरच्या थोडे वर, अंतर भरते. हिरव्या दिव्यांमधल्या पट्ट्यात पुरुषांनी झपाट्याने जायचे असते, आणि हे सगळे ज्यांच्या आठवणीसाठी आहे त्या हजरत हाजरा तर तान्ह्या बाळासाठी पाणी शोधत धावल्या होत्या. तवाफ आणि मिनामधले चालणे वेगळेच. हजचा नंबर लागला की घरची मंडळी वडिलांना चालायचा सराव करा म्हणून मागे लागतात, तेव्हा वय कोणी काढत नाही. परत आले की पुन्हा त्यांना खुर्चीत बसवतात. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात पैगंबर साहेब आणि हजरत आयेशा यांच्या दोन शर्यतींचा उल्लेख आहे. पहिलीत त्या पुढे गेल्या आणि पुढे काही काळाने, त्यांचे अंग भरल्यावर, पैगंबर साहेबांनी परतफेड केली. तेव्हा शर्यत म्हणजे पोरकटपणा, असे निदान आपल्या घरात तरी म्हणू नये.

आता गुडघ्यांकडे येऊ. मशिदीत मागच्या बाजूला ठेवलेल्या खुर्च्या दरवर्षी वाढत चालल्या आहेत, हे तुम्हीही पाहिले असेल. पन्नाशीतली माणसेसुद्धा सज्द्याला वाकू शकत नाहीत. आणि "धावल्याने गुडघे झिजतात" असे सगळ्यांत ठामपणे सांगणारे बहुधा त्याच खुर्च्यांवर बसलेले असतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८४ पासून पन्नाशीपुढच्या ५३८ धावणाऱ्यांचा आणि न धावणाऱ्या ४२३ जणांचा मागोवा घेतला. १९ वर्षांनी धावणाऱ्यांतले १५ टक्के वारले होते, दुसऱ्या गटातले ३४ टक्के. हिंडण्याफिरण्याची, कपडे घालण्याची, उठण्या-बसण्याची अडचणही धावणाऱ्यांना कितीतरी वर्षे उशिराने आली. त्यांतल्याच काही जणांच्या गुडघ्यांचे एक्स-रे वर्षानुवर्षे काढले गेले, तर झीज धावणाऱ्यांत जास्त आढळली नाही. धावणारे मुळात काटक असतात, हा आक्षेप रास्त आहे. संशोधकांनी वजन, धूम्रपान वगैरे फरक हिशेबात धरूनही अंतर उरले. ज्यांचे गुडघे आधीच बिघडले आहेत त्यांना मात्र हा आधार लागू होत नाही, त्यांनी हाडांच्या डॉक्टरांचेच ऐकावे.

वयाबरोबर शक्ती घटते, त्याला इलाज नाही. प्राणवायू वापरण्याची शरीराची ताकद तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी उतरते, नियमित कसून सराव करणाऱ्यांत ही उतरण कमी असते. पण स्नायूंचे काम आश्चर्याचे आहे. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला, तर पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! आम्ही हे वाचले तेव्हा तालमीतल्या बैठका आठवल्या. आपल्या आजोबा-पणजोबांना हे शास्त्र ठाऊक होते, फक्त ते पन्नाशीला थांबत.

सरावाबद्दल लोक विचारतात, म्हणून आम्ही जो क्रम पाळतो तो सांगतो. आम्ही साठीपुढच्या गटात धावतो. वर कधी आलो नाही, पण शेवटून पहिलेही नाही. आठवड्यातून तीन दिवस धावणे, आणि दोन धावण्यांमध्ये एक दिवस मोकळा. तरुणाचा स्नायू एका रात्रीत भरून येतो, आपल्याला दोन लागतात. तीनपैकी दोन दिवस इतके सावकाश की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. रंकाळ्याच्या काठावर बोलायला माणसांची कमतरता नसते, उलट कधी कधी ती असती तर बरे असे वाटते. तिसऱ्या दिवशी थोडे अंतर झपाट्याने, मग चालणे, पुन्हा झपाट्याने. हा प्रकार दोन महिने पाया पक्का झाल्यावरच. चढासाठी शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातले रस्ते पुरतात. मोकळ्या दिवसांपैकी दोन दिवस घरीच खुर्चीवरून हात न लावता उठणे-बसणे, पायरीवर टाचा उचलणे, एका पायावर उभे राहणे. शर्यत हातात येते ती या कंटाळवाण्या दोन दिवसांमुळे, आणि लोक नेमके हेच दोन दिवस गाळतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर आम्ही धावतच नाही. या वयात मोडलेले खुब्याचे हाड पुढची सगळी वर्षे घेऊन जाते.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख पाहून घ्यावा, आणि "मी शर्यतीत धावणार आहे" हे त्यांना स्पष्ट सांगावे. नुसते "फिरतो" म्हटले तर तपासणीही तेवढीच होते. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, त्यामुळे घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नये. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात दोन खजूर किंवा खडीसाखर ठेवावी. म्हातारपणी तहान उशिरा कळते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी प्यावे. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा. पैलवानी बाणा त्या दिवशी घरी ठेवावा.

रमजानचा प्रश्न नेहमी येतो. आपल्याकडच्या शर्यती बहुतेक थंडीत असतात आणि सध्या रमजान थंडी सरता-सरता येतो, त्यामुळे फार अडत नाही. रोजा असताना आम्ही वेग आणि अंतर दोन्ही सोडून देतो. इफ्तारच्या आधी वीस मिनिटे सावकाश, किंवा तरावीहनंतर थोडे, एवढेच. महिनाभर सांभाळलेला पाया ईदनंतर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा उभा राहतो. मधुमेह असलेल्यांनी रोज्यात धावण्याचा हट्ट करू नये.

टोरांटोजवळच्या एड व्हिटलॉक नावाच्या माणसाचा सराव कब्रस्तानात चालायचा. घराजवळच्या कब्रस्तानातल्या वाटेवर तो फेऱ्यांवर फेऱ्या मारायचा, दिवसाला कधी तीन-तीन तास. ना प्रशिक्षक, ना महागडी साधने. २००४ साली वयाच्या ७३ व्या वर्षी त्याने पूर्ण मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत संपवली आणि २०१६ मध्ये, ८५ व्या वर्षी, चार तासांच्या आत. पुढच्याच वर्षी तो वारला. कब्रस्तानात धावावे असे आम्ही कोणाला सुचवत नाही, पण शर्यतीची तयारी करायला स्टेडियम लागत नाही एवढे त्यावरून दिसते.

बायकांबद्दल वेगळे लिहावे लागते, कारण अडचण त्यांना जास्त आहे. रंकाळ्यावर सकाळी बुरख्याखाली खेळाचे बूट घातलेल्या खाला आणि दादी आता बऱ्याच दिसतात. चालतात छान, गप्पाही छान. शर्यतीच्या यादीत मात्र त्यांची नावे शोधावी लागतात. कपड्यांचे कारण पुढे केले जाते, पण लताबाई नऊवारीत धावल्या, मग सलवार-ओढणीत का जमू नये? चंदीगडच्या मान कौर यांनी तर धावायला सुरुवातच ९३ व्या वर्षी केली, मुलाच्या आग्रहाने. २०१७ साली ऑकलंडच्या स्पर्धेत १०१ व्या वर्षी १०० मीटरला त्यांना १ मिनिट १४ सेकंद लागले आणि सुवर्णपदक मिळाले. त्यांच्या गटात दुसरे कोणीच नव्हते. त्या घड्याळाशी धावल्या.

मान कौर यांच्या मुलाने जे केले ते आपल्या घरातही करता येईल. नाव नोंदवताना आधारवरची तारीख नीट तपासा, नाहीतर दादी चाळिशीच्या गटात जाऊन बसतील. आदल्या रात्री जेवण साधे ठेवा, तांबडा-पांढरा दुसऱ्या दिवशी दुपारी. सकाळी छातीवरचा नंबर चार पिनांनी लावून द्या. आणि शर्यतीत त्यांचा दंड धरून सोबत पळू नका. शेवटच्या रेषेपाशी शाल आणि पाण्याची बाटली घेऊन उभे राहा, मोबाइलवर वेळ लावा. घरी आल्यावर त्या पहिला प्रश्न विचारतील, किती मिनिटे लागली? तेव्हा "जाऊ द्या, धावलात हेच खूप" असे म्हणू नका. सेकंदासकट वेळ सांगा.