घड्याळ म्हणते चार हजार, मोबाइल म्हणतो साडेसहा!

काल्हेरचे एक काका मधुमेहाच्या तपासणीसाठी आमच्या ओपीडीत नियमित येतात. वय 66. गोदामातली नोकरी संपली, आता मुलाबरोबर नव्या इमारतीत राहतात. गेल्या खेपेला आले तेव्हा उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या खाली, फुटलेला फोड होता आणि त्यात पू धरू लागला होता. ‘‘दुखलं नाही का?’’ असे विचारले, तर म्हणाले, ‘‘काहीच कळलं नाही साहेब. मोजा ओला दिसला म्हणून सुनेनं पाय बघितला.’’ मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या की असेच होते.

फोड कशाने आला, याचे उत्तर त्यांच्या मनगटावर होते. मुलाने वाढदिवसाला घड्याळ दिले होते. दहा हजार पावले पूर्ण झाली की ते थरथरते. काका सकाळ-संध्याकाळ इमारतीच्या आवारात फेऱ्या मारत. शर्टाच्या खिशातला मोबाइल साडेसहा हजार पावले दाखवी, घड्याळ मात्र चार हजारांवरच अडलेले. ‘‘दोघांत खरं कोण ते कळेना. मग घड्याळाचं ऐकलं. पोरानं एवढे पैसे घालून आणलंय,’’ काका म्हणाले. घड्याळाच्या हिशेबाने उरलेली सहा हजार पावले ते रात्री जेवणानंतर जुन्या, घासलेल्या सँडलमध्ये चालत होते.

मी काकांना कित्येक वर्षे चालताना पाहतो आहे. संथ चाल आणि दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. आपल्याकडचे बहुतेक ज्येष्ठ असेच चालतात. घड्याळाला पाय दिसत नाहीत, त्याला फक्त मनगट कळते. मनगट हलले नाही, म्हणून पावलेही मोजली गेली नाहीत.

मोबाइल असो वा घड्याळ, आत ॲक्सिलरोमीटर नावाचा नखाहून लहान संवेदक असतो. तो तिन्ही दिशांनी बसणारे हिसके सेकंदाला अनेकदा नोंदवतो. प्रत्येक पावलाबरोबर शरीर किंचित वर-खाली होते, त्याची लाट उमटते आणि सॉफ्टवेअर त्या लाटा मोजते. लाट किती मोठी असली तर पाऊल धरायचे, दोन लाटांत किती अंतर हवे, सलग किती लाटा आल्या तर ते चालणे मानायचे, हे नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात आणि ती ते सहसा उघड करत नाही. नियम सैल ठेवला, तर खड्ड्यांतून जाणाऱ्या रिक्षाचे धक्केही पावलांत जमा होतात. कडक ठेवला, तर संथ चालणाऱ्याची पावले गळतात. अनेक यंत्रे सुरुवातीची काही पावले सलग आणि एका लयीत पडल्याशिवाय मोजणीच सुरू करत नाहीत. ओट्यापासून फ्रिजपर्यंत चार पावले, तिथून बेसिनपर्यंत तीन, अशी दिवसभर स्वयंपाकघरात चालणाऱ्या बाईची पावले म्हणूनच हिशेबात कमी येतात. उलट, बसल्या जागी लयीत हात हलवणाऱ्याला फुकटची पावले मिळू शकतात.

मोबाइलचे गणित आणखी वेगळे. तो पँटच्या खिशात असला तर मांडीची हालचाल टिपतो, पर्समध्ये असला तर पर्सची. घरात चार्जिंगला लावून तुम्ही कितीही फिरलात, तरी त्याच्या लेखी तुम्ही बसलेलेच. एकाच घड्याळाची माहिती घेणारी दोन ॲपही वेगळे आकडे दाखवू शकतात. एक ॲप घड्याळ आणि मोबाइल यांतला एकच आकडा निवडते, तर दुसरे दोन्हींचा मेळ घालू पाहते. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे एखादे ॲप मध्येच झोपी जाते. पावलांवरून काढलेले किलोमीटर तर त्याहून मोठा अंदाज, कारण तुमचे पाऊल किती लांब पडते हे ॲप बहुधा उंचीवरून ठरवते. जळालेल्या कॅलरींबद्दल न बोललेलेच बरे. 2017 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सात मनगटी यंत्रे तपासली. कॅलरींच्या बाबतीत त्यांतल्या सर्वांत चांगल्या यंत्राचीही चूक सरासरी 27 टक्के निघाली.

पावलांची अशीच परीक्षा 2015 मध्ये अमेरिकेत झाली. 14 निरोगी प्रौढांना ट्रेडमिलवर चालवून त्यांची पावले माणसांनी मोजली आणि ती यंत्रांच्या आकड्यांशी ताडली. मोबाइलची ॲप 6-7 टक्क्यांनी इकडे-तिकडे होती. एका मनगटी यंत्राने मात्र जवळपास 23 टक्के पावले कमी मोजली. त्यानंतर यंत्रे सुधारली आहेत. पण ती परीक्षा सपाट पट्ट्यावर चालणाऱ्या धडधाकट माणसांची होती, हे विसरू नये. काठी किंवा वॉकर घेऊन चालणारे, गुडघे धरलेले, कंपवातामुळे पाय घासत चालणारे, यांच्या बाबतीत चूक वाढते.

आमच्या भागात हे रोज दिसते. काल्हेर, कशेळी, पूर्णा हा गोदामांचा पट्टा. गोदामातला कामगार पाळीभर मालाची ट्रॉली ढकलतो किंवा डोक्यावर, खांद्यावर खोके धरून चालतो. त्याचे हात अडकलेले असतात, म्हणून मनगटावरचे यंत्र त्याला बऱ्याचदा आळशी ठरवील. एका खोलीत बोलता बोलता येरझारा घालणारा त्याचा साहेब त्याच्यापुढे जाईल. म्हणूनच पावलांवर विमा हप्त्यात सवलत देणाऱ्या योजना आणि पावलांच्या स्पर्धा लावणाऱ्या कंपन्या मला पटत नाहीत. चालायला उत्तेजन जरूर द्यावे. पण ज्या आकड्यात हातांच्या हालचालीने एवढा फरक पडतो, त्यावर पैसे आणि बक्षिसे ठरवणे न्यायाचे नाही. त्यात तोटा होतो तो म्हाताऱ्यांचा, आजाऱ्यांचा आणि कष्टकऱ्यांचा.

मग ते दहा हजार आले कुठून? 1965 मध्ये जपानच्या यामासा कंपनीने कमरेला लावायचे एक पाऊलमापक बाजारात आणले. त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’. आकडा गोल होता, तो लोकांच्या तोंडी बसला. वैद्यकीय संशोधन पुष्कळ नंतर आले. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी 2019 मध्ये सरासरी 72 वर्षे वयाच्या 16,741 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण 41 टक्के कमी होते. साधारण 7,500 पावलांनंतर फायदा वाढेनासा झाला. मुळात ज्यांची तब्येत बरी तेच जास्त चालतात, म्हणून सगळे श्रेय चालण्याला देता येत नाही. तरी वृद्धांना दहा हजारांचा धाक घालण्याची गरज नाही, एवढे यातून नक्की कळते. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या अभ्यासातली पावले कमरेला बांधलेल्या संशोधनाच्या यंत्राने मोजली होती. तिथले 7,500 आणि तुमच्या मनगटावरचे 7,500 हे एकाच मापाचे नाहीत.

मग घड्याळ फेकून द्यावे का? मुळीच नाही. घरचा वजनकाटा दोन किलो जास्त दाखवत असला, तरी महिन्यात वजन वाढले की घटले हे त्यावर कळतेच. पावलांचेही तसेच. एकच यंत्र, एकाच जागी, रोज वापरा आणि आजचा आकडा स्वतःच्या मागच्या आठवड्याशी ताडा. शेजाऱ्याच्या किंवा सुनेच्या घड्याळाशी नको. यंत्र किती चुकते हे एकदा पाहून ठेवा. नेहमीच्या चालीने मनात मोजत 200 पावले चाला आणि यंत्राने किती धरली ते बघा. हात मागे बांधून चालायची सवय असेल, तर तेच घड्याळ पँटच्या खिशात ठेवून पुन्हा चाला. फरक लगेच दिसेल.

मी रुग्णांना पावलांऐवजी मिनिटे सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही मिनिटांतच आहे: आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम, म्हणजे रोजचा साधारण अर्धा तास. चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला की वेग योग्य. यासाठी साधे घड्याळ पुरते. मधुमेह असेल तर मापाचे, बंद आणि मऊ बूट घाला, आणि चालून आल्यावर दोन्ही तळवे आरशात किंवा घरच्यांकडून पाहून घ्या. छातीत दुखले, दम अवाजवी लागला किंवा चक्कर आली, तर आकडा कितीही अपुरा असो, तिथेच थांबा.

आणि मुलांना एक विनंती. आईवडिलांना घड्याळ जरूर द्या, पण संध्याकाळी त्यांच्याकडून आकड्याचा हिशेब मागू नका. ठाणे-भिवंडी रस्त्यावर ट्रकची रांग, त्यात मेट्रोचे काम. म्हातारा माणूस तिथे चालायला उतरेल कसा? आठवड्यातून दोनदा त्यांच्याबरोबर फिरायला जा. ते कसे चालतात, कुठे थांबतात, लंगडतात का, हे तुम्हाला दिसेल. यंत्राला ते दिसत नाही.

काकांची जखम भरायला सात आठवडे लागले. तेवढे दिवस चालणे बंद, त्यामुळे साखर वाढली आणि गोळ्याही वाढवाव्या लागल्या. आता ते नव्या बुटांत सकाळी 15 मिनिटे आणि संध्याकाळी 15 मिनिटे चालतात. दहा हजारांची सूचना मुलाने बंद करून टाकली आहे. घड्याळ मनगटावर आहे, काका त्यात वेळ बघतात. परवा मी सहज विचारले, किती पावले होतात? म्हणाले, ‘‘साहेब, मोजत नाही. पण पाय रोज बघतो.’’