डॉक्टरांनी वापरलेली गाडी

गोंदिया जिल्ह्यात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी आधी कुणा डॉक्टरची असते. १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा एवढासा जिल्हा. इथं इतके डॉक्टर होते कधी? २०१६ साली गोंदियात सरकारी मेडिकल कॉलेज निघालं, ते जुन्या गाड्यांना मालक कमी पडू नयेत म्हणूनच, असा मला दाट संशय आहे.

"काहीच काम नाही जी गाडीत," एजंट सांगतो. "डॉक्टरसाहेबांची आहे. घरून दवाखाना, दवाखान्यातून घर. बत्तीस हजार फिरली फक्त."

आणि आपण मान डोलावतो! एजंटाशी माझं भांडण नाही, त्याचा तो धंदाच आहे. माझं भांडण आहे तुमच्या-आमच्याशी. आठवडी बाजारात पावशेर वांगी घेताना आपण एकेक वांगं उलटंसुलटं करून कीड शोधतो. फंडातले दोन लाख मोजताना मात्र काय बघतो? रंग, गाणी आणि मीटर. मीटर मागं फिरवता येतं हे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते फक्त गिऱ्हाइकाला.

आम्हाला गाडी मिरवायला नको होती. एका रात्री आईच्या छातीत कळ आली आणि नागपूरला न्यायला वाहन मिळेपर्यंत अडीच तास गेले. आई वाचली. पण त्या अडीच तासांत मी ठरवलं, की दारात गाडी हवी आणि हाकेसरशी निघणारी हवी. मग दिसायला म्हशीसारखी असली तरी बेहत्तर!

त्या बत्तीस हजारवालीत आमची ही वाकून बघू लागली. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर झिजून लोखंड दिसत होतं. "हे डॉक्टर गाडी चालवत होते की शिवणयंत्र?" तिनं विचारलं. मग आमच्या मेकॅनिकनं सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. आतल्या वीतभर पट्ट्यावर वाळलेला गाळ! २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला होता. गाडी त्यात पोहून आली असावी.

"पेशंटची माती असंल जी," एजंट म्हणाला.

या मेकॅनिकला मी पाचशे रुपये दिले म्हणून मेहुणे आठ दिवस हळहळत होते. मुलीची पत्रिका बघायला यांना गुरुजी लागतात, पण इंजिनाची पत्रिका हे स्वतः बघणार, तीसुद्धा बॉनेटवर थाप मारून! अहो, थाप मारू नका, नुसता हात ठेवा. सकाळी सकाळी बॉनेट कोमट लागलं, तर तुम्ही यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवलीय. थंड इंजिन कसं उठतं आणि कसला धूर सोडतं, हेच तर बघायचं असतं.

आणि कागद! बालाघाट, राजनांदगाव हाकेच्या अंतरावर, म्हणून 'एमपी ५०' नि 'सीजी ०८' पाट्यांच्या गाड्या इकडं स्वस्तात येतात. ना-हरकत दाखला आणि इथला कर यांचा हिशेब घरी आल्यावर होतो. त्यातही विकणारा कोऱ्या फॉर्मवर सह्या करून मोकळा होतो आणि घेणारा ते फॉर्म तांदळाच्या डब्यामागं ठेवतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली सांगितलं, की अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे तुम्ही विकलेली गाडी तिसऱ्यानं चौथ्याच्या अंगावर घातली, तरी समन्स तुमच्या दारी! मेहुण्यांची एक गाडी अजून अशीच कुठंतरी फिरते आहे. त्यांना झोप कशी लागते कोण जाणे.

शेवटी आमगावच्या एका निवृत्त मास्तरांची अल्टो घेतली. दाराला पोचा, रंग विटलेला, मीटर अठ्ठ्याहत्तर हजार. पण सर्व्हिसची प्रत्येक पावती तारीखवार फायलीत. सुटे भाग कुठल्याही चौकात मिळतात. दोन लाखांतले तीस हजार मुद्दाम बाजूला ठेवले होते. टायर, बॅटरी, विमा आणि नाव बदलणं त्यात भागलं. चार वर्षं झाली. रात्री दोनदा नागपूर गाठलं, दोन्ही वेळा पहिल्या चावीला.

परवा सहज म्हणून त्याच एजंटाला तिची किंमत विचारली. त्यानं गाडीभोवती चक्कर मारली, फाइल न उघडताच परत दिली आणि हळूच म्हणाला, "साहेब, डॉक्टरची होती म्हणून सांगू काय जी? वीस हजार जास्त येतील."