सॉफ्टवेअर नंतर घ्या, आधी फाईलींचा सातबारा तयार करा

ट्रेनिंगला येणारे दुकानदार हमखास विचारतात, "सर, बिलं-कागद ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" मी उलट विचारतो, आत्ता फाईली आहेत कुठं? मग यादी निघते. अर्धी बिलं व्हॉट्सअ‍ॅपवर, काही सीएच्या ईमेलमध्ये, स्कॅन पेनड्राइव्हवर, भाडेकरार घरच्या कपाटात आणि उद्यमचं सर्टिफिकेट पोट्ट्याच्या मोबाईलमध्ये.

माझं मत असं की हे सगळं उचलून एका जागी कोंबायची गरज नाही. कोणती फाईल कुठं आहे हे सांगणारी एक नोंदवही पाहिजे.

सातबारा आठवा. जमीन काही तलाठ्याच्या कपाटात नसते, ती तिकडे बांधीतच असते. दप्तरात असतो गट नंबर, क्षेत्र, नाव, पीक, बोजा. मालक बदलला की फेरफार होतो, जमीन हलत नाही. फाईलबद्दलच्या अशाच माहितीला मेटाडेटा म्हणतात. २०१५ मध्ये आलेलं डिजिलॉकरसुद्धा असंच चालतं. सरकारी विभागाने दिलेला कागद त्या विभागाच्याच साठ्यात राहतो, तुमच्याकडे येतो तो त्याच्या ओळख क्रमांकाचा दुवा.

आता यात पैसा कुठं आला? खरेदीचं बिल तुमच्या ताब्यात असणं ही जीएसटी कायद्याच्या कलम १६ मध्ये इनपुट क्रेडिटची एक अट आहे. दोन लाखांच्या मालावर १८ टक्क्यांनी ३६,००० रुपये होतात. नोटीस आली आणि बिल सापडलं नाही, तर भांडण तेवढ्या रकमेचं. आणि जपायचं किती दिवस? वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. म्हणजे २०२३-२४ ची बिलं डिसेंबर २०३० पर्यंत. तोवर तुमचा मोबाईल दोनदा तरी बदललेला असेल राजेहो!

नोंदवही गूगल शीटमध्ये करा नाहीतर एक्सेलमध्ये. एका कागदाला एक ओळ. अनुक्रमांक, तारीख, पार्टीचं नाव, जीएसटी नंबर, बिल नंबर, रक्कम, कागद कोणत्या प्रकारचा, कुठं ठेवलाय, कधीपर्यंत जपायचा. बस.

यातला अनुक्रमांक सर्वात महत्त्वाचा. तोच फाईलच्या नावात पहिला टाका आणि मूळ कागदावर पेनानेही लिहा. कारण दुवे तुटतात. एक्सेलमध्ये कॉम्प्युटरवरच्या फोल्डरचा पत्ता दिला आणि कोणी फोल्डरचं नाव बदललं, की संपलं. गूगल ड्राइव्हवर फाईल एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेली तरी दुवा तोच राहतो, पण जुनी डिलीट करून नवीन चढवली तर तो मेला. अशा वेळी "०४१७" शोधलं की फाईल मिळते. "स्कॅन००१" नावाच्या चाळीस फाईली असल्या तर देवही शोधू शकत नाही.

ड्राइव्हचं खातं दुकानाच्याच ईमेलवर ठेवा, कामावरच्या मुलाच्या नाही. तो गेला की खातंही गेलं. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल डिलीट करू शकतं, हेही ध्यानात ठेवा. आणि व्हॉट्सअ‍ॅप ही ठेवायची जागा नाही, ती फक्त यायची वाट आहे. आलेलं बिल त्याच दिवशी उतरवून घ्या.

ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगा भंडारा शहरात शिरली होती, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून "कुठं ठेवलाय" या रकान्यात दोन जागा लिहा, एक दुकानातली आणि एक दुकानाबाहेरची. नोंदवहीचीही एक प्रत बाहेर ठेवा, कारण ती गेली तर फाईली असूनही सापडणार नाहीत.

मग सॉफ्टवेअर घ्यायचंच नाही का? चार-पाच जण कागद हाताळत असतील, राइस मिलसारखी रोजची आवक असेल, तर जरूर घ्या. फक्त विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. बाहेर ठेवलेल्या फाईलची नुसती नोंद करता येते का? आणि उद्या सोडायचं ठरलं तर सगळी माहिती एक्सेलमध्ये काढून मिळेल का? दुसऱ्या प्रश्नावर तो गोलगोल बोलायला लागला तर चहा पाजून परत पाठवा.

सुरुवात या महिन्याच्या खरेदी बिलांपासून करा. जुना ढीग सध्या राहू द्या, त्यातलं जे लागेल ते हाताशी आलं की तेव्हाच नोंदवा. आणि दर महिन्याच्या एक तारखेला कोणत्याही दहा ओळी निवडून ते कागद खरंच उघडतात का, ते तपासा.